वेदीवरील द्राक्षारसाची कुळकथा

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामाच्या स्थापनेचा, मंदिराच्या बांधकामाचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतरांनीं दिलाच आहे. संपादकमंडळानें आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हां तेंच पुन्हा उगाळण्याऐवजीं एका अगदीं लहान वस्तूचा इतिहास सांगावा असें आम्हीं ठरविलें. ही वस्तु सॅक्रिस्टींतील कपाटांत कुलपाखालीं असते, दररोज सकाळीं तिचे दोन-चार चमचे वेदीवर येतात, आणि तरीही आमच्या बंधुभगिनींपैकीं फारच थोड्यांनीं ती हातांत घेऊन पाहिली असेल. ती वस्तु म्हणजे मिस्साबळीचा द्राक्षारस.

हा विषय सुचण्यास कारण घडलें तें असें. कांहीं वर्षांपूर्वीं एका सायंकाळीं गांवाबाहेरील एका घरीं जपमाळेची प्रार्थना आटोपून आम्ही निघालों असतां त्या घरची बाई फाटकापर्यंत आली. तिच्या घरधन्यानें मोहाच्या दारूपायीं धानाची दोन एकर जमीन गहाण टाकिली होती, हें साऱ्या मोहल्ल्यास ठाऊक होतें. ती खालच्या आवाजांत म्हणाली, “फादर, तुमी रोज सकारी मिस्सात घेता ते काय असते जी? तेबी दारूच असन, तं मी घरच्या मानसाले कोन्या तोंडानं म्हनू?” आम्हीं तिला सेमिनरींत शिकलेलें उत्तर दिलें, बाह्य रूप तेंच राहून आंतील सत्त्व कसें पालटतें, तें सांगितलें. तिनें “हो जी” म्हणून मान डोलविली. परंतु घरीं परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, तिनें विचारलें होतें एक आणि आम्हीं सांगितलें दुसरें. पवित्रीकरणानंतर त्या रसाचें काय होतें हें तिनें विचारलेंच नव्हतें. त्यापूर्वीं तो काय असतो, एवढेंच तिला हवें होतें. आणि हें आम्हांस तरी कोठें नीट ठाऊक होतें? पंचवीस वर्षें जो चषक आम्हीं उचलिला, त्यांतील रस कोणत्या मातीचा, कोणत्या फळाचा व कोणत्या रीतीनें झालेला, हें जाणण्याची जिज्ञासा आम्हांस त्या दिवसापर्यंत झाली नव्हती. सेमिनरींत आम्हांस द्राक्षारसाचे नियम शिकविले गेले. द्राक्षारस शिकविला गेला नाहीं. पन्नाशी उलटल्यावर आम्ही या विषयाचे विद्यार्थी झालों, आणि त्या उशिरा घेतलेल्या धड्यांतूनच पुढील मजकूर तयार झाला आहे.

प्रथम शब्दाचाच घोळ पाहा. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत ‘द्राक्षारस’ हा शब्द आहे. ग्रीक मूळांत तो ‘ऑयनॉस’, लॅटिनांत ‘व्हीनुम’. आणि या दोन्ही शब्दांचा अर्थ आंबवून मुरलेला, अंगांत मद्याचा अंश असलेला रस. मराठी कानाला मात्र उसाचा रस, आंब्याचा रस, तसाच द्राक्षांचा रस, असें ऐकूं येतें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्हीं एकदां मुलांस विचारलें, तेव्हां काना गांवच्या लग्नांत सहा रांजण सरबत झालें, असें एका मुलानें मोठ्या खात्रीनें सांगितलें. नोहाची कथा त्यास ठाऊक नसावी. नोहानें द्राक्षमळा लाविला, त्याचा रस तो प्याला, आणि डेऱ्यांत उघडा पडला. सरबतानें कोणी असा पडत नाहीं. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्या रस्त्यांवर दिसते. गोंदियापासून नागपुरापर्यंत दुकानांवर ‘वाईन शॉप’ अशा पाट्या आहेत. आंत व्हिस्की असते, रम असते, बिअर असते. पाटीवर जिचें नांव, ती वाईनच सर्वांत कमी. तेव्हां आमच्या लोकांची कल्पना सरबत व रम या दोन टोकांमध्यें झोके खाते, यांत त्यांचा दोष नाहीं.

खरी वस्तु ओळखण्यास आमच्या ओळखीचा एक तिसरा शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे द्राक्षासव. वैद्याच्या दुकानांत याची बाटली सर्वांनीं पाहिली आहे. आयुर्वेदांतील आसवें व अरिष्टें चुलीवर उकळून वाफेनें गाळलेलीं नसतात. फळ, मध किंवा गूळ व औषधी द्रव्यें यांच्या मिश्रणांत धायटीचीं फुलें घालून तें कांहीं दिवस झांकून ठेवितात व तें आपोआप आंबतें. द्राक्षारसाची घडण याच जातीची, परंतु त्याहून साधी. पिकलेल्या द्राक्षांत साखर असते. त्यांच्या रसांत किण्व म्हणजे डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव वाढूं लागले म्हणजे ते ती साखर खाऊन तिचे दोन भाग करितात, एक मद्यार्क व दुसरा कर्बवायु. वायु बुडबुड्यांनीं उडून जातो, मद्यार्क रसांत राहतो. लिटरामागें सुमारें १७ ग्रॅम साखर खर्चीं पडली म्हणजे शेंकडा १ मद्यार्क तयार होतो, असा कारखानदारांचा हिशेब आहे. मद्यार्क शेंकडा १४-१५ च्या आसपास गेला कीं बहुतेक किण्व आपल्याच कमाईंत गुदमरून मरतें व क्रिया थांबते. म्हणून साधा द्राक्षारस शेंकडा १२ ते १४ चा असतो. या सर्वांत कोठेंही भट्टी नाहीं, अग्नि नाहीं, वाफ नाहीं.

मोहाची गोष्ट येथून वेगळी होते. चैत्रांत, बहुधा आपल्या उपवासकाळाच्या शेवटीं व पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास, पहाटे टपटप पडणारीं मोहाचीं फुलें आमच्या तालुक्यांत लहानथोर सारे वेचतात. त्यांत साखर विपुल असते. तीं वाळवून, भिजवून आंबविलीं म्हणजे इथपर्यंत तीही एक प्रकारची आसवक्रियाच होय. परंतु पुढें तें आंबवण चुलीवर चढतें, त्याची वाफ नळीनें गार भांड्यांत उतरते, आणि जें थेंबथेंब गळतें त्यांत मद्यार्क कितीतरी पटींनीं एकवटलेला असतो. निसर्गानें जेथें हात आखडला, तेथें भट्टी हात घालते. व्हिस्की, ब्रँडी, रम व हातभट्टी या साऱ्या या एका कुळांतील. मोहाचें संस्कृत नांव मधूक, आणि प्राचीन ग्रंथांत द्राक्षांच्या मद्याचें नांव मधु. दोघांची नांवें अशीं जवळचीं असूनही वाटा भट्टीपाशीं फुटल्या.

हें ‘मधु’ आपल्या देशास नवें नव्हतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास हें नांव दिलेलें असून त्याच्या कापिशायन व हारहूरक अशा दोन जाति त्यांच्या मूळ प्रदेशांवरून सांगितल्या आहेत. यांपैकीं कापिशी ही नगरी आजच्या काबूलच्या उत्तरेस होती. म्हणजे फ्रान्सांत जसें बोर्दो किंवा बर्गंडी हें मुलुखाचें नांवच पेयास लागतें, तशी चाल आपल्याकडेही होती. कालिदासाच्या रघुवंशांत दिग्विजयास निघालेल्या रघूचे योद्धे पारसीकांच्या देशांत द्राक्षवेलींच्या मांडवाखालीं बसून मधुपानानें शीण घालवितात. परंतु हे सारे उल्लेख वायव्येकडील थंड व कोरड्या मुलुखाचे आहेत. दख्खनेंत चौदाव्या शतकांत इब्न बतूता या प्रवाशानें दौलताबादेस द्राक्षें पाहिलीं, आणि तीं वर्षांतून दोनदां फळतात असें लिहून ठेविलें. ही दोनदां फळण्याची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां वेदीकडे वळूं. द्राक्षारसाचें पावित्र्य प्रभूच्या शेवटच्या भोजनापासून आलें आहे, तें नव्यानें सांगावयास नको. परंतु त्याच्या शुद्धतेविषयींची चिंता किती जुनी आहे, हें आम्हांस अलीकडेच उमगलें. तिसऱ्या शतकांत कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनीं एक दीर्घ पत्र लिहिलें आहे. त्या काळीं कांहीं ठिकाणीं चषकांत केवळ पाणीच अर्पण करीत. याचीं जीं कारणें संतांच्या कानीं आलीं होतीं, त्यांतील एक हृदय हलविणारें आहे. छळाचे दिवस होते. सकाळीं तोंडास द्राक्षारसाचा वास आला तर हा ख्रिस्ती आहे असें ओळखूं येईल, या भयानें लोक पाणी वापरीत. संत सिप्रियन यांनीं ही पळवाट स्पष्ट शब्दांत नाकारली. चषकांत द्राक्षारसच हवा, त्यांत थोडें पाणी मिसळावें, आणि केवळ पाणी कधींही नको, असा त्यांचा निर्णय आहे. आमच्या गोरेगांवांत तोंडाच्या वासावरून माणूस ओळखला जाण्याचा प्रसंग निराळ्या कारणानें येतो, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

तो नियम आजही तसाच आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें ९२४ वें कलम सांगतें कीं, द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचा व न बिघडलेला असला पाहिजे. १९१७ च्या जुन्या संहितेंत ८१५ व्या कलमांत हेंच होतें. नियम तीन शब्दांचा दिसतो, परंतु तो पाळण्यासाठीं किती खटाटोप झाला! ज्या देशांत वेल नव्हता, तेथें मिशनऱ्यांनीं वेल नेला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं अठराव्या शतकांत जे मठ वसविले, त्यांच्याबरोबर द्राक्षांची जी जात तेथें गेली तिला अद्यापि ‘मिशन’ असेंच म्हणतात. युरोपांत तर संत बेनेदिक्त यांच्या नियमावलींत प्रत्येक धर्मबंधूस दररोज किती माप द्राक्षारस मिळावा हें लिहिलेलें आहे, आणि बर्गंडींतील नामांकित मळे शेंकडों वर्षें सिस्टर्शियन मठांच्या हातीं होते. डॉम पेरीन्यों या धर्मबंधूनें शँपेन शोधून काढिली, ही दंतकथा मात्र खरी नव्हे. बुडबुडे अडवून ठेवण्यापेक्षां टाळण्यासाठींच त्याची धडपड अधिक होती.

आपल्या देशांत हा प्रश्न प्रथम केरळच्या ख्रिस्ती लोकांपुढें उभा राहिला. तेथें वेल नाहीं, पण व्यापाऱ्यांकडून येणारे मनुके होते. ते भिजवून, त्यांचा रस काढून मिस्सा होई. पोर्तुगीज अमदानींत १५९९ सालीं उदयम्पेरूर येथें भरलेल्या धर्मसभेनें वेदीवरील द्राक्षारसाविषयीं नियम केले. पुढें १७०६ सालीं रोमनें मनुक्यांच्या रसाविषयीं निर्णय दिला कीं, रंगानें व चवीनें तो खरा द्राक्षारस आहे असें ओळखूं येत असेल तर चालेल. आणि उष्ण देशांच्या लांबच्या प्रवासांत द्राक्षारस नासतो म्हणून १८९६ सालीं रोमनें आणखी एक सवलत दिली. त्यांत द्राक्षांपासूनच गाळलेला मद्यार्क थोडा मिसळतां येई, मात्र तो रस आंबत असतांनाच मिसळावा लागे, आणि मूळचा व मिसळलेला मिळून एकंदर प्रमाण शेंकडा १८ च्या वर जातां कामा नये. रोमच्या कचेरींत बसून कोणीतरी नागपूरच्या मे महिन्याचा विचार केला होता, असें हा नियम वाचतांना आम्हांस वाटलें.

नागपूरचें नांव आम्हीं उगाच घेतलें नाहीं. आमच्या मुलुखांत कॅथलिक श्रद्धेचें रोप ज्यांनीं लाविलें, ते संत फ्रान्सिस द सालच्या नांवाचे मिशनरी आन्सी या नगरांतून, म्हणजे साव्हॉय प्रांतांतून आले. विशाखापट्टणच्या मिशनचें काम १८४५-४६ च्या सुमारास त्यांजकडे सोपविलें गेलें. त्यांतूनच १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला व बिशप अलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. १९५३ सालीं तो आर्चडायोसीस झाला. साव्हॉय हा आल्प्स पर्वताच्या पायथ्याचा मुलुख. तेथील उतारांवर द्राक्षमळे आहेत व त्यांचा पांढरा, पातळ, चवीला तरतरीत द्राक्षारस प्रसिद्ध आहे. ज्या धर्मगुरूंनीं कामठीच्या छावणींत व नागपूरच्या उन्हांत हाडें झिजविलीं, त्यांच्या बालपणीं द्राक्षांचा हंगाम हा आपल्याकडील धानकापणीसारखा घरोघरचा सण होता. येथें आल्यावर तोच रस त्यांस जहाजानें आलेल्या बाटलीतून, थेंब मोजून वापरावा लागला. मुंबईहून नागपुरास आगगाडी पोहोंचली ती १८६७ सालीं. तत्पूर्वींच्या बैलगाडीच्या वाटेवर किती बाटल्या फुटल्या असतील व किती आंबल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

बाटली नासली म्हणजे काय होतें, हें आम्हांस कल्पनेनें जाणावें लागलें नाहीं. आमच्या याजकपदाच्या दुसऱ्याच वर्षीं, ऐन मे महिन्यांत, नागझिऱ्याच्या जंगलाकडील एका वस्तींत आम्ही मिस्सेसाठीं गेलों. तेथील पत्र्याच्या खोलींत अर्धी रिकामी बाटली महिनाभर पडून होती. ती आम्हींच मागल्या खेपेस विसरलों होतों. वेदी मांडली, लोक बसले, आणि आम्हीं बूच काढतांच लोणच्याचा भपकारा आला. रसाचा शिरका झाला होता. उघडी हवा लागली म्हणजे निराळ्या जातीचे सूक्ष्म जीव मद्यार्काचें आम्ल करून टाकितात, हें शास्त्र आज आम्ही सांगूं शकतों. त्या दिवशीं एवढेंच समजलें कीं, हा ‘न बिघडलेला’ नव्हे आणि याच्यानें मिस्सा होत नाहीं. चार-चार कोस चालून आलेले तीस-पस्तीस लोक समोर बसले होते. आम्हीं खरी गोष्ट सांगितली. तेव्हां एक वृद्ध गोंड गृहस्थ उठून हात जोडून म्हणाले, “फादर, घरी कालची मोहाची हाय जी, चोखी हाय. आनू का?” कोणी हंसलें नाहीं. त्यांच्या घरांत जें सर्वांत चांगलें होतें, तें ते देऊं करीत होते.

त्या प्रश्नास आम्हीं तेव्हां नुसतें “नको, बाबा” म्हटलें. आज सांगावेंसें वाटतें कीं, प्रश्न हलका नव्हता. ज्या देशांत गहूं नाहीं व द्राक्षेंही नाहींत तेथें तेथील अन्न व तेथील पेय कां चालूं नये, असें आफ्रिकेंतील कांहीं धर्मपंडितांनींही विसाव्या शतकांत विचारलें आहे. धर्मसभेनें तें मानलें नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, प्रभूनें हातीं घेतलें तें आपण पालटूं शकत नाहीं. संस्काराचें द्रव्य ही आपली निवड नव्हे, ती आपणांस मिळालेली ठेव आहे. आम्ही या मताचेच आहों. तथापि गोरेगांवच्या धान्यानें व फुलानें ज्यांचें पोट भरतें, त्यांच्या वेदीवरील दोन्ही वस्तु दूरदेशच्या आहेत, हें विसरून चालणार नाहीं. त्या दिवशीं आम्हीं शास्त्रवाचन केलें, जपमाळ म्हटली, आणि संध्याकाळीं नवी बाटली घेऊन पुन्हा गेलों. सकाळचे बहुतेक लोक तेथेंच थांबले होते. ते वृद्ध गृहस्थही.

वेल आमच्या गांवीं कां होत नाहीं, हेंही आम्ही शिकलों. आमचा मुलुख तलावांचा व धानाचा. भरपूर पाऊस, दमट हवा व पाणी धरून ठेवणारी जमीन धानास जितकी मानवते, तितकीच द्राक्षास बाधते. पानांवर भुरी व केवडा हे रोग येतात आणि घड हातीं लागत नाहीं. युरोपांत वेल हिंवाळ्यांत झोंपी जातो व शरदांत फळ देतो. दख्खनेंत त्याला झोंप येत नाहीं. सोडला तर तो बारमाही वाढत राहील, आणि म्हणून दौलताबादेस तो दोनदां फळे. नाशिक-सांगलीचा शेतकरी त्यास कात्रीनें वळण लावितो. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, ऑक्टोबरमध्यें गोडी छाटणी करून फळ धरावयाचें, आणि पावसाळा चुकवून जानेवारी ते मार्चमध्यें घड उतरावयाचे. दोन छाटण्या आणि एक पीक, असा हा तोडगा आहे.

या छाटणीवरच महाराष्ट्राची द्राक्षारसाची नवी कहाणी उभी आहे. १९८० नंतरच्या दशकांत जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें बुडबुडे असलेला द्राक्षारस केला व ‘ओमर खय्याम’ या नांवानें तो परदेशीं पाठविला. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या ‘सुला’चा पहिला द्राक्षारस २००० सालीं बाजारांत आला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें. विंचूर व पलूस येथें त्यासाठीं खास उद्योगक्षेत्रें झालीं. २०१० सालीं ‘नाशिक व्हॅली वाईन’ हें नांव भौगोलिक निर्देशांकांत नोंदलें गेलें. कापिशायनाप्रमाणें मुलुखाच्या नांवानें ओळखला जाणारा द्राक्षारस अशा रीतीनें महाराष्ट्रांतच झाला.

त्या बाईच्या प्रश्नानंतरच्या फेब्रुवारींत आम्ही नाशिककडे एका कामासाठीं गेलों असतां तेथील एक कारखाना मुद्दाम पाहिला. आम्हीं मनांत तळघर, लांकडी पिंपें व कोळिष्टकें यांचें चित्र रंगविलें होतें. पाहतों तों दुधाच्या डेअरीसारख्या चकचकीत पोलादी टाक्या व त्यांभोवतीं गार पाणी फिरविणाऱ्या नळ्या. पांढऱ्या द्राक्षारसासाठीं द्राक्षें पिळून सालें ताबडतोब बाजूस काढितात व रस थंड ठेवून सावकाश आंबवितात. तांबड्यासाठीं काळीं द्राक्षें सालांसकट आंबवितात, कारण बहुतेक जातींत गर पांढराच असतो. रंग व तुरटपणा सालांतून उतरतो. खाण्याचीं टपोरीं बिनबियांचीं द्राक्षें या कामास फारशीं घेत नाहींत. येथें लागतात लहान मण्यांचीं, जाड सालीचीं, बिया असलेलीं, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों किंवा शेनिन ब्लां अशा जातींचीं.

मग तेथील तरुण तज्ज्ञानें आम्हांस चव पाहण्यास शिकविलें. तो घोट घेई, तोंडांत फिरवी, आणि बादलींत थुंकून टाकी! वेदीवरचा एक थेंबही सांडूं न देण्याची ज्यांस पंचवीस वर्षांची संवय, त्यांस हें पाहून कसें झालें असेल, हें वाचकांनींच ओळखावें. परंतु त्याचे धडे उपयोगी होते. प्रथम उजेडांत धरून पाहावें. स्वच्छ, पारदर्शक दिसला पाहिजे. पांढरा फार पिवळा-तपकिरी व तांबडा विटकरी झाला असेल तर तो बहुधा म्हातारा झाला किंवा हवेनें बिघडला. मग पेला हलवून हुंगावें; फळाचा वास यावा, शिरक्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा येऊं नये. शेवटीं घोट. आंबटपणा जिभेच्या कडांस जाणवतो व तोंडास पाणी सुटतें. जांभूळ खाल्ल्यावर किंवा हिरडा चघळल्यावर हिरड्या आवळतात, तसा तांबड्यांतील तुरटपणा. आणि मद्यार्क घशांत ऊब देतो. हे तीन एकमेकांस सांभाळून असले म्हणजे रस चांगला. “आणि गोडवा?” आम्हीं विचारलें, कारण आमच्या कपाटांतला रस नेहमीं गोड असे. तो म्हणाला, “साखर सगळी संपली तर गोडवा उरणार कसा? गोड ठेवायचा तर आंबणें मध्येंच थांबवावें लागतें.” इतकीं वर्षें आम्ही गोडव्यासच द्राक्षारसाचा स्वभाव समजत आलों होतों.

वेदीसाठीं तांबडा कीं पांढरा, याविषयीं नियम कांहीं सांगत नाहीं. दोन्ही चालतात, पांढऱ्याचे डाग वस्त्रांवर पडत नाहींत म्हणून पुष्कळ ठिकाणीं तो पसंत करितात. मात्र बाजारांतील कोणतीही बाटली आणून वेदीवर ठेवितां येत नाहीं. साखर, रंग, सुगंध किंवा दुसऱ्या फळाचा रस मिसळला असेल तर तो अर्पणास अपात्र. द्राक्षासवही याच कारणानें चालत नाहीं. २०१७ सालीं रोमनें सर्व बिशपांस पत्र लिहून बजाविलें कीं, हल्लीं भाकर व द्राक्षारस साध्या दुकानांतूनही मिळूं लागला आहे, तेव्हां त्याच्या शुद्धतेची खात्री करून घ्यावी. केरळांत तर मिस्सेचा द्राक्षारस करण्यासाठीं सरकारी परवान्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. आमच्या कपाटांत आतां लहान बाटल्या असतात, बूच काढल्याची तारीख प्रत्येकीवर चिकटविलेली असते, आणि उन्हाळ्यांत त्या शीतकपाटांत जातात. त्या पत्र्याच्या खोलीनें एवढें तरी शिकविलें.

सरकारी कायद्याशींही या बाटलीचा संबंध येतो. विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला व पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथेंही लागू झाला. धार्मिक विधीसाठीं लागणाऱ्या द्राक्षारसास त्या कायद्यानें वाट ठेविलेली आहे. आमच्या शेजारीं गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यास त्याहूनही आधींपासून आहे. चंद्रपुरास ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. दुसऱ्या बाजूस जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हां “वाईन म्हणजे दारू नव्हे” असें एका पक्षानें व “वाईन म्हणजेच दारू” असें दुसऱ्यानें म्हटलें. पुढें हरकती मागविल्या गेल्या व तें प्रकरण रेंगाळलें. आमचें मत कोणी विचारलें नव्हतें, तरी येथें सांगतों. द्राक्षारस भट्टीची दारू नव्हे हें खरें. त्यांत मद्यार्क आहे हेंही तितकेंच खरें. ज्याचें व्यसन सुटलें आहे त्याच्या शरीरास हा भेद कळत नाहीं. धर्मसभेस हें ठाऊक आहे. म्हणूनच व्यसनानें पीडलेल्या याजकास बिशपांच्या परवानगीनें ‘मुस्तुम’, म्हणजे ज्याचें आंबणें सुरू होतांच थांबविलेलें आहे असा द्राक्षांचा ताजा रस, वापरण्याची मोकळीक आहे. १९९५ व २००३ सालच्या रोमच्या पत्रांत त्याचे नियम आहेत.

नाशिकहून परतल्यावर आम्ही त्या बाईच्या घरीं पुन्हा गेलों. बरोबर सॅक्रिस्टींतील बाटली नेली होती. अर्थात् वेदीवर न आलेली. ओसरीवर बसून तिला सारें सांगितलें: द्राक्षें कोठें होतात, साखरेचें काय होतें, भट्टी कोठें येते व कोठें येत नाहीं. “त्यांत मद्य आहे का?” या प्रश्नास “होय, आहे, थोडें आहे, आणि आम्ही चमचा-दोन चमचे घेतों” असें उत्तर दिलें. तिनें बूच काढून हुंगलें व म्हणाली, “आंबट हाय जी. मोहाचा वास नाई हा.” घरधनी दारांत उभा राहून ऐकत होता. त्यानें मात्र बाटली हातीं घेतली नाहीं, तो म्हणाला, “मी हुंगतबी नाई, फादर.” त्या वेळीं त्यास सोडून चार महिने झाले होते.

ज्युबिलीच्या मिस्सेंत पवित्र कम्युनियन दोन्ही रूपांनीं दिलें जाणार आहे, म्हणजे भाकर चषकांत बुडवून जिभेवर ठेविली जाईल. यास्तव एक सूचना येथेंच छापून ठेवितों. ख्रिस्त कोणत्याही एका रूपांत संपूर्ण असतो, असें त्रेंतच्या धर्मसभेनें शिकविलें आहे. म्हणून ज्यांस चषकाचा थेंबही नको असेल त्यांच्यासाठीं संत योसेफाच्या मूर्तीपाशीं वेगळी रांग राहील, तेथें केवळ भाकर मिळेल, आणि त्या रांगेंत कोण उभें आहे हें पाहण्यास कोणीही मान वळवूं नये. त्या बाईनें आम्हांस आधींच सांगून ठेविलें आहे कीं, तीही त्याच रांगेंत उभी राहणार आहे.